वाचकांचे प्रश्न : पॉवर कमी केली, तरी अ‍ॅम्प्लिफायर तापतोच

पाच वॅटच्या घरगुती संचावरच्या लेखानंतर आलेली बरीच पत्रं एकाच जागी अडलेली दिसली. आउटपुट कमी केलं की खर्चही त्याच मापाने कमी व्हायला हवा, तो का होत नाही? हा माझ्या रोजच्या कामातला प्रश्न आहे. अँटेनाला पॉवर देणाऱ्या शेवटच्या अ‍ॅम्प्लिफायरवर मी पुण्यात काम करते आणि घरी हौशी रेडिओचा संच चालवते. म्हणून या खेपेला सगळं सदर याच विषयाला दिलं आहे.

माझं म्हणणं आधीच सांगते. कार्यक्षमतेचा, म्हणजे आत घेतलेल्या विजेपैकी किती टक्के पॉवर बाहेर येते त्याचा, जो आकडा ठळक छापलेला असतो तो बहुतेक वेळा पूर्ण पॉवरचा असतो. अ‍ॅम्प्लिफायर मात्र फार थोडा वेळ त्या पॉवरवर असतो. बोलणारा माणूस शब्दांमध्ये थांबतो, मोबाइलला टॉवर जवळ आला की पॉवर खाली आणायला सांगितलं जातं. तेव्हा अ‍ॅम्प्लिफायर रचताना पहिल्यांदा विचारायचं ते हे, की तो दिवसाचा जास्तीत जास्त वेळ कुठल्या पॉवरवर राहणार आहे, आणि तिथे त्याची कार्यक्षमता किती.

ताई, नमस्कार. मी ७ मेगाहर्ट्झसाठी एका आयआरएफ ५१० ट्रान्झिस्टरवर अ‍ॅम्प्लिफायर बांधला आहे. १२ व्होल्टवर ५ वॅट निघतात तेव्हा करंट ०.८ अँपिअर दिसतो. ड्राइव्ह (आत दिलेला सिग्नल) कमी करून आउटपुट अर्ध्या वॅटवर आणलं तर करंट ०.३ अँपिअरवर थांबतो आणि हीटसिंक जवळजवळ तेवढंच तापतं. ट्रान्झिस्टर नकली लागला असेल का?
— एक वाचक, मिरज

ट्रान्झिस्टर ठीक आहे. तुमचेच आकडे मांडून बघू. पूर्ण पॉवरला १२ गुणिले ०.८, म्हणजे ९.६ वॅट आत गेले आणि ५ बाहेर आले. कार्यक्षमता ५२ टक्के, उष्णता ४.६ वॅट. अर्ध्या वॅटला ३.६ वॅट आत गेले, अर्धा बाहेर आला. कार्यक्षमता १४ टक्के, उष्णता ३.१ वॅट. आउटपुट दहापट उतरलं, पण उष्णता एक तृतीयांशच उतरली. तुमच्या हाताला जे जाणवलं ते बरोबर होतं.

असं का होतं ते डोळ्यांनी पाहायचं असेल तर ट्रान्झिस्टरच्या ड्रेनवर, म्हणजे आउटपुटच्या पायावर, ऑसिलोस्कोप लावा. प्रोब दहापटीचा घ्या आणि ग्राउंडची वायर आखूड ठेवा, नाहीतर प्रोबच संचाचा भाग होऊन बसतो. पूर्ण पॉवरला ड्रेनचा व्होल्टेज एक-दीड व्होल्टपर्यंत खाली जातो आणि बावीस-तेवीसपर्यंत वर चढतो. आता ड्राइव्ह हळूहळू कमी करा. लाट १२ व्होल्टच्या रेषेभोवती आकसत जाईल. अर्ध्या वॅटला ती साधारण आठ आणि सोळाच्या मध्ये हलताना दिसेल. म्हणजे ट्रान्झिस्टरमधून करंट वाहतो आहे त्या क्षणीसुद्धा त्याच्यावर आठ व्होल्ट उभे आहेत. आठ व्होल्ट आणि तो करंट यांचा गुणाकार सरळ हीटसिंकमध्ये जातो.

नियम साधा आहे. आउटपुट पॉवर लाटेच्या उंचीच्या वर्गाप्रमाणे बदलते, पण क्लास बी (लाटेच्या अर्ध्याच भागात करंट वाहणाऱ्या) अ‍ॅम्प्लिफायरचा डीसी करंट नुसत्या उंचीप्रमाणे बदलतो. पॉवर एक दशांश केली की उंची आणि करंट साधारण एक तृतीयांश होतात. व्होल्टेज मात्र १२ चा १२. त्यामुळे आदर्श क्लास बी, ज्याची कमाल कार्यक्षमता ७८.५ टक्के, तो एक दशांश पॉवरवर २५ टक्क्यांच्या जरा खाली येतो. क्लास ए ची गत आणखी वाईट. त्याचा करंट हलतच नाही, म्हणून ५० टक्क्यांवरून तो थेट ५ वर येतो. तुमचा संच या दोघांच्या मधला, बायसवर, म्हणजे सिग्नल नसतानाही, थोडा करंट ठेवलेला, म्हणून १४.

आता उपाय. पहिला आणि सर्वांत सोपा म्हणजे सप्लायचा व्होल्टेज उतरवणं. अर्ध्या वॅटला लाट चार व्होल्टच खाली-वर जाते, मग बारा व्होल्ट कशासाठी? मी ६ व्होल्ट लावेन. कागदावर चार पुरतात, पण आयआरएफ ५१० चा ड्रेन व्होल्टेज फार खाली नेला की त्याची आतली कपॅसिटी वाढते, गेन पडतो, ट्यूनिंग सरकतं. ६ व्होल्टला तोच ०.३ अँपिअर धरला तरी आत १.८ वॅट जातील. कार्यक्षमता दुप्पट. व्होल्टेज उतरवणारं एलएम २५९६ चं तयार मॉड्यूल पुण्याच्या तापकीर गल्लीत कुठल्याही दुकानात मिळतं, ते चालेल. मात्र ते १५० किलोहर्ट्झवर स्विच करतं आणि त्याचे हार्मोनिक (पटीतल्या फ्रिक्वेन्सी) वरपर्यंत ऐकू येतात. पुढे चोक आणि कपॅसिटरचा फिल्टर द्या, आणि ऐकताना ते मॉड्यूल बंदच राहील असं वायरिंग करा.

दुसरा उपाय मला जास्त आवडतो, कारण पुढचं सगळं शास्त्र त्यातूनच निघालं. व्होल्टेज तोच ठेवायचा आणि ट्रान्झिस्टरला दिसणारा लोड, म्हणजे पुढच्या सर्किटचा रोध, बदलायचा. १२ व्होल्टवर ५ वॅट काढायचे तर ड्रेनला १४.४ ओहम दिसायला हवेत. हिशेब असा, की व्होल्टेजचा वर्ग भागिले पॉवरची दुप्पट. अर्ध्या वॅटसाठी त्याच सूत्राने १४४ ओहम येतात. तेवढा लोड दिला तर लाट पुन्हा शून्याजवळून चोवीसपर्यंत पूर्ण उंचीची होते आणि करंट फार थोडा लागतो. आउटपुट ट्रान्सफॉर्मरला दोन टॅप काढून रिलेने बदलता येईल. ७ मेगाहर्ट्झला हे जमतं. २८ ला नेऊ नका. तिथे ट्रान्झिस्टरची शंभर पिकोफॅरडच्या आसपासची कपॅसिटी साठेक ओहमची होऊन बसते आणि १४४ ओहमचा लोड तिच्यात बुडून जातो, ती कपॅसिटी कॉइलने ट्यून करून घालवावी लागते.

तिसरं, बायस. तुमचा रिकामा करंट ०.१ अँपिअर असेल तर १.२ वॅट तिथेच गेले. फक्त मोर्स करत असाल तर बायस बिनधास्त कमी करा. एसएसबीवर (हौशी रेडिओवर बोलण्याची नेहमीची पद्धत) बोलत असाल तर करू नका. आवाज फाटेल आणि शेजारच्या फ्रिक्वेन्सीवर तुमचा कचरा पडेल.

जाता जाता एक. आयआरएफ ५१० ची धातूची पाठ ड्रेनला जोडलेली असते. हीटसिंक आणि ट्रान्झिस्टर यांच्यामध्ये अभ्रकाचा तुकडा आणि स्क्रूला प्लास्टिकची बुशी घातली आहे ना, ते मीटरने तपासा.

मॅडम, महागडा वॉटमीटर घेतल्याशिवाय कार्यक्षमता मोजता येईल का?
— एक वाचक, जळगाव

येईल. एक किलोओहमचे एक-एक वॅटचे वीस रेझिस्टर समांतर जोडा. ५० ओहमचा, वीस वॅटचा डमी लोड (अँटेनाच्या जागी लावायचा) तयार. मेटल फिल्मचे घ्या, तारेचे नकोत. तारेचा रेझिस्टर रेडिओ फ्रिक्वेन्सीला कॉइलसारखा वागतो. त्यावर एक १एन ४१४८ डायोड आणि दहा नॅनोफॅरडचा कपॅसिटर लावून साध्या मल्टिमीटरने शिखर-व्होल्टेज वाचा. ५ वॅटला ते २२.४ व्होल्ट असतं, अर्ध्या वॅटला ७.१. डायोडवर पडणारे सुमारे ०.६ व्होल्ट वाचनात मिळवायला विसरू नका. २२ मध्ये ते खपून जातात, पण ७ मध्ये तीच चूक पॉवरच्या हिशेबात सोळा-सतरा टक्क्यांची होते, आणि आपल्याला तर नेमकी कमी पॉवरच तपासायची आहे. दहा-बारा वॅटच्या पुढे हा डायोड वापरू नका. त्याच्यावर उलट दिशेने शिखराच्या दुप्पट व्होल्टेज येतं.

वाचन एकाच पॉवरला घेऊन थांबू नका. ५, २, १, अर्धा, पाव वॅट, अशी घेऊन आलेख काढा. माझ्या टेबलावर येणाऱ्या प्रत्येक अ‍ॅम्प्लिफायरचा असा आलेख मी वहीत ठेवते. तो पाहिल्याशिवाय त्याच्याबद्दल काहीही म्हणू नये असं माझं मत आहे.

ताई, अनेक आशीर्वाद. १९८८ साली आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी आमच्या नागपूरहून १५६६ किलोहर्ट्झवर सुरू झाली तेव्हा हजार किलोवॅटच्या ट्रान्समीटरचं आम्हांला फार अप्रूप होतं. असा ट्रान्समीटर विजेच्या मीटरवर किती ओढत असेल? हजार किलोवॅटच, की जास्त?
— एक निवृत्त शिक्षक, नागपूर

काका, नमस्कार. जास्त. किती जास्त ते ट्रान्समीटरच्या जातीवर अवलंबून, आणि त्या फरकासाठी अभियंत्यांनी दशकानुदशकं जिवाचं रान केलं आहे.

मध्यमलहरींवर एएम पद्धत असते, आवाजाप्रमाणे लहरीची उंची बदलणारी. निवेदक गप्प असला तरी हजार किलोवॅटची वाहक लहर उभीच असते. आवाज पूर्ण चढला की तिची उंची क्षणभर दुप्पट होते, म्हणजे पॉवर चौपट. हजार किलोवॅटच्या ट्रान्समीटरची चार हजार किलोवॅटचं शिखर गाठायची तयारी असावी लागते, पण बहुतेक वेळ तो त्याच्या पाव भागाशीच काम करत असतो. मिरजेच्या वाचकांची अडचण हीच, फक्त आकडे लाखपटींनी मोठे.

मॉड्युलेशन झालेली लहर सरळ क्लास बी अ‍ॅम्प्लिफायरने वाढवायची तर पाव पॉवरवर आदर्श कार्यक्षमता ३९ टक्के येते. १९३० च्या दशकात प्रत्यक्षात ३३ च्या आसपास मिळायची. म्हणजे ५० किलोवॅटच्या केंद्राला १५० किलोवॅट घ्यायचे आणि १०० पाण्याने थंड करत बसायचं. अमेरिकेत बेल लॅबमध्ये विल्यम डोहर्टी यांनी १९३६ मध्ये यावर दोन व्हॅक्यूम नळ्यांची (व्हॉल्व्हची) एक जोडणी प्रसिद्ध केली आणि कार्यक्षमता ६० टक्क्यांच्या पुढे नेली. त्याच ५० किलोवॅटला १५० च्या जागी ८३ किलोवॅट. वेस्टर्न इलेक्ट्रिकने त्या पद्धतीचे ट्रान्समीटर बनवले, १९३८ मध्ये केंटकीतल्या लुइव्हिल शहराच्या डब्ल्यूएचएएस केंद्रावर ५० किलोवॅटचा असा संच लागला. त्याच्या जवळपास, १९३५ मध्ये, फ्रान्सच्या आंरी शिरेक्स यांनी वेगळी वाट काढली. दोन अ‍ॅम्प्लिफायर कायम पूर्ण जोरात चालवायचे, आणि त्यांच्या लहरींमधला कोन बदलून बेरीज कमी-जास्त करायची. दोन्ही कल्पना अजून जिवंत आहेत.

तिसरी वाट सप्लायची. आवाजाच्या चढ-उताराप्रमाणे अ‍ॅम्प्लिफायरचा सप्लायच वर-खाली करायचा. मोठ्या नळ्यांच्या ट्रान्समीटरमध्ये हे काम आधी मॉड्युलेशन ट्रान्सफॉर्मर करायचा, मग पल्सच्या रुंदीने चालणारे मॉड्युलेटर आले. आजचे ट्रान्झिस्टरचे ट्रान्समीटर तर शेकडो छोटे मॉड्यूल एकत्र जोडतात आणि लागतील तेवढेच चालू करतात. जो चालू तो पूर्ण जोरात, बाकीचे पूर्ण बंद. त्यांची कार्यक्षमता ८५ टक्क्यांच्या पुढे जाते.

तुमच्या आकड्यावर हिशेब करा. हजार किलोवॅटच्या वाहक लहरीसाठी ३३ टक्क्यांना ३००० किलोवॅट लागतील, ८५ टक्क्यांना ११८० च्या आत-बाहेर. दहा तासांच्या प्रसारणात हा फरक अठरा हजार युनिटांचा होतो. आवाजाची पॉवर आणि थंड करण्याचा खर्च यात धरलेलाच नाही.

मॅम, मी छत्रपती संभाजीनगरला इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टला २.४ गिगाहर्ट्झचा डोहर्टी अ‍ॅम्प्लिफायर घेतला आहे. सिम्युलेशनमध्ये पॉवर बरोबर येते, पण ६ डेसिबल खाली कार्यक्षमतेचा जो उंचवटा यायला हवा तो येत नाही. गाइड म्हणतात, क्वार्टर-वेव्हची लांबी तपास. लांबी बरोबर आहे. शिवाय दुसरा अ‍ॅम्प्लिफायर चालू झाल्यावर पहिल्याचा लोड कमी कसा होतो हेच मला कळलेलं नाही.
— एक विद्यार्थिनी

तू दुसरा प्रश्न शेवटी विचारलास, पण उत्तर तिथूनच सुरू करायला हवं. ते कळलं की पहिला आपोआप सुटेल.

दोन सारखे अ‍ॅम्प्लिफायर घे, दोघांनाही पूर्ण जोरात ५० ओहम हवे आहेत. दोघांचं आउटपुट एका बिंदूवर आणून तिथे २५ ओहमचा लोड लाव. मुख्य अ‍ॅम्प्लिफायर आणि तो बिंदू यांच्यामध्ये ५० ओहमची क्वार्टर-वेव्ह, म्हणजे पाव तरंगलांबीची, लाइन. दुसरा, म्हणजे शिखराला मदत करणारा, त्या बिंदूला सरळ जोडलेला.

छोटा सिग्नल असताना दुसरा झोपलेला. मुख्य अ‍ॅम्प्लिफायरला लाइनमधून काय दिसतं? ५० चा वर्ग भागिले २५, म्हणजे १०० ओहम. त्याला हवे त्याच्या दुप्पट. त्यामुळे अर्ध्या करंटलाच त्याचा व्होल्टेज पूर्ण उंचीला पोचतो. पूर्ण व्होल्टेज, अर्धा करंट, म्हणजे त्याच्या स्वतःच्या कुवतीच्या निम्मी पॉवर, दोघांच्या एकत्रित कुवतीच्या पाव. हाच ६ डेसिबल खालचा बिंदू. व्होल्टेज पूर्ण वापरला गेला म्हणून कार्यक्षमता इथे ७८.५ टक्के.

इथून पुढे सिग्नल वाढला तर एकटा मुख्य अ‍ॅम्प्लिफायर लाट कापायला लागेल. म्हणून नेमका इथे दुसरा जागा होतो आणि बिंदूत आपला करंट ओततो. आता लाइनच्या टोकाशी उभी राहून पाहा. बिंदूवरचा व्होल्टेज वाढला, पण त्यातला काही करंट दुसऱ्याचा आहे. लाइनला वाटतं, माझा करंट तेवढाच आणि व्होल्टेज मात्र चढला, अर्थात समोरचा लोड वाढला. २५ चा हळूहळू ५० होतो. क्वार्टर-वेव्ह लाइन उलटं करून दाखवते, म्हणून मुख्य अ‍ॅम्प्लिफायरला १०० चा ५० होताना दिसतो. लोड कमी झाला की त्याच व्होल्टेजला तो जास्त करंट देऊ शकतो. पूर्ण पॉवरला दोघांनाही ५० दिसतात. मधल्या भागात कार्यक्षमता थोडी बसते, आदर्श गणितात सर्वांत खाली सुमारे ७० टक्के, म्हणजे ६ डेसिबलच्या पूर्ण पट्ट्यात ती ७० आणि ७८.५ च्या मध्ये राहते. साधा क्लास बी त्याच पट्ट्यात ७८.५ वरून ३९ वर आलेला असतो. हे गणित मी जेव्हा जेव्हा फळ्यावर करते तेव्हा मला पुन्हा तेवढाच आनंद होतो. एकही हलता भाग नाही, स्विच नाही, आणि लोड स्वतःहून बदलतो.

आता तुझा हरवलेला उंचवटा. सिम्युलेशनमध्ये कार्यक्षमतेचा आलेख बाजूला ठेव आणि मुख्य ट्रान्झिस्टरच्या आतल्या ड्रेनवरचा व्होल्टेज बघ. ६ डेसिबल खाली तो पूर्ण उंचीला पोचतो आहे का? पोचत नसेल तर त्याला १०० ओहम दिसतच नाहीत.

माझा पहिला संशय झोपलेल्या दुसऱ्यावर आहे. बंद ट्रान्झिस्टर म्हणजे उघडं सर्किट नव्हे. २.४ गिगाहर्ट्झला त्याची आउटपुट कपॅसिटी आणि मॅचिंगचं जाळं मिळून बिंदूवर काहीतरी भलताच लोड बसवतात आणि मुख्यची पॉवर तिकडे गळते. त्याला एकटं काढून बायस बंद कर, आउटपुटकडून इम्पीडन्स बघ. स्मिथ चार्टवर (इम्पीडन्स दाखवणारा गोल आलेख) तो उजव्या टोकाला, म्हणजे उघड्या सर्किटासारखा, असायला हवा. नसेल तर त्याच्या पुढे ५० ओहमच्या लाइनचा तुकडा वाढवत जा, उजव्या टोकाला येईपर्यंत. मुख्य अ‍ॅम्प्लिफायरलाही तसाच तुकडा लागतो. तुझ्या गाइडनी लांबी तपासायला सांगितलं ते चूक नाही, पण तपासायची लांबी बहुधा या तुकड्यांची आहे. बोर्ड एफआर-४ चा (नेहमीच्या फायबरग्लासचा) असेल तर क्वार्टर-वेव्ह साधारण १७ मिलिमीटरची येते, म्हणजे दोन-तीन मिलिमीटरच्या चुकीतही खेळ बिघडतो.

दुसरा संशय बायसचा. मदतनीस क्लास सी मध्ये हवा, म्हणजे सिग्नल ठरावीक उंचीच्या वर गेल्यावरच करंट देणारा. तो लवकर जागा झाला तर मुख्यचा लोड वेळेआधी उतरतो आणि उंचवटा पुसला जातो. उशिरा जागा झाला, किंवा जागा होऊन पुरेसा करंट देऊ शकला नाही, तर वरच्या टोकाला पॉवर कमी पडते. क्लास सी असल्यामुळे सारख्याच ड्राइव्हवर तो मुख्यपेक्षा कमी करंट देतो. इनपुटची विभागणी करताना त्याला जास्त वाटा दे, किंवा ट्रान्झिस्टर मोठा घे. आणि त्याच्या इनपुटला ९० अंशांचा विलंब दिला आहेस ना? नाहीतर आउटपुटला दोघं एकमेकांविरुद्ध ढकलत बसतील.

तोंडी परीक्षेत विचारतील, १९३६ ची गोष्ट आज कशाला? सांग, की चौथ्या-पाचव्या पिढीच्या मोबाइल सिग्नलचं शिखर त्याच्या सरासरीच्या ८ ते १० डेसिबल वर असतं, म्हणून टॉवरवरचा अ‍ॅम्प्लिफायर सतत खालच्या पॉवरवरच राहतो. आधी सिलिकॉनचे एलडीमॉस, आता गॅलियम नायट्राइडचे ट्रान्झिस्टर घेऊन तिथे डोहर्टीच बसवतात. मदतनीस मुख्यच्या दुप्पट ताकदीचा घेतला तर पहिला उंचवटा ९.५ डेसिबल खाली सरकतो, तो या सिग्नलला बरोबर जुळतो. दोघांच्या हातमिळवणीत सिग्नल थोडा वाकडा होतो, तो डिजिटल प्री-डिस्टॉर्शनने आधीच उलटा वाकवून सरळ करतात.

आणि वेळ उरला तर हेच ७ मेगाहर्ट्झवर बांधून बघ. तिथे क्वार्टर-वेव्ह दहा मीटरांहून लांब होईल, म्हणून तिच्या जागी १.१४ मायक्रोहेन्रीची कॉइल आणि दोन्ही बाजूंना ४५५ पिकोफॅरडचे कपॅसिटर लाव. साध्या स्कोपवर मुख्य ड्रेनचा व्होल्टेज स्थिर राहिलेला आणि करंट वाढत गेलेला तुला स्वतः पाहता येईल.

ताई, आमचं गाव संगमेश्वरच्या आत, डोंगराच्या कुशीत. घरात रेंज एक काडी. फोनवर पाच मिनिटं बोललं की कान भाजतो आणि बॅटरी उतरते. रत्नागिरीला गेलं की तोच फोन गार. असं का?
— एक वाचक

फोर-जी फोन जास्तीत जास्त २३ डीबीएम, म्हणजे २०० मिलिवॅट पॉवर सोडतो. टॉवर त्याला सतत सांगत असतो, वर जा, खाली ये. थ्री-जी मध्ये असा हुकूम सेकंदाला १५०० वेळा जायचा. रत्नागिरीत टॉवर जवळ, तिथे फोन एक मिलिवॅटच्याही खाली राहून काम भागवतो. नियमाप्रमाणे तो २०० मिलिवॅटच्या वीस लाखाव्या भागापर्यंत खाली उतरू शकला पाहिजे. तुमच्या घरात तो बहुधा सगळा वेळ वरच्या टोकाला असतो. अ‍ॅम्प्लिफायरची कार्यक्षमता चाळीस टक्के धरली तरी अर्धा वॅट बॅटरीतून जातो आणि तीनशे मिलिवॅटची उष्णता कानाशी राहते. न पोचलेले तुकडे पुन्हा पाठवायचे, तो खर्च वेगळा.

रत्नागिरीतला गार फोन आपोआप मिळालेला नाही, हे मात्र सांगायला हवं. मिरजेच्या पत्राला जो पहिला उपाय सांगितला तोच तुमच्या फोनमध्ये आहे. बॅटरी ३.८ व्होल्टची, पण कमी पॉवर लागते तेव्हा एक छोटा कन्व्हर्टर अ‍ॅम्प्लिफायरला फार कमी व्होल्टेज देतो. चांगल्या फोनमध्ये पॉवर वर गेली की तो सिग्नलच्या प्रत्येक चढ-उताराचा पाठलाग करत व्होल्टेज बदलतो. हा पाठलाग फुकट नाही. कन्व्हर्टर ८० टक्के आणि अ‍ॅम्प्लिफायर ५० टक्के असेल तर हाती ४० च येतात. म्हणून कमी पॉवरला पाठलाग सोडून तो एकच सरासरी व्होल्टेज धरून ठेवतो.

तुमच्यासाठी उपाय जागेचा. टॉवरच्या दिशेच्या खिडकीशी बसून बोला, वायरचा हेडफोन लावा आणि फोन खिडकीतच ठेवा. फोन ट्रान्समीटर आहे, त्याला अँटेनाची जागा हवी.

मॅडम, क्लास ई अ‍ॅम्प्लिफायरची कार्यक्षमता ९० टक्के असते असं वाचलं. मग डोहर्टी वगैरे खटाटोप कशाला? मी मोर्सही करतो आणि एसएसबीवर बोलतोही.
— एक वाचक, बेळगाव

मोर्ससाठी तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. नेथन आणि अ‍ॅलन सोकल या पितापुत्रांनी १९७५ मध्ये क्लास ई मांडला. त्यात ट्रान्झिस्टर स्विचसारखा चालतो. त्याच्यावर व्होल्टेज असतं तेव्हा करंट नसतो, आणि तो चालू व्हायच्या क्षणी व्होल्टेज आपणहून शून्यावर आलेलं असतं. जळायला काही उरतच नाही.

पण स्विचला चालू आणि बंद एवढंच कळतं. इनपुट निम्मं केलं म्हणून आउटपुट निम्मं होत नाही. मोर्स, एफएम, एफटी-८ (संगणकावरची डिजिटल पद्धत) यांची उंची स्थिर असते, तिथे तो उत्तम. एसएसबीमधल्या आवाजाची उंची सारखी बदलते, ती इथे हरवते. लेनर्ड काह्न यांनी १९५२ मध्ये यावर तोड काढली होती. सिग्नलची उंची आणि फेज (लाटेची पुढे-मागे सरक) वेगळी करायची, फेज स्विचकडे पाठवायची, उंची सप्लायमधून द्यायची. चालतं, पण दोन्ही वाटांनी जाणारा सिग्नल एकाच क्षणी पोचला पाहिजे. ते साधायची तयारी असेल तर अवश्य करा. नसेल तर बोलण्यासाठी साधा लिनिअर, म्हणजे उंचीचं प्रमाण जसंच्या तसं राखणारा, अ‍ॅम्प्लिफायर ठेवा.

मोर्सचा क्लास ई बांधताना पॉवर सप्लायने बदला. १२ व्होल्टला ५ वॅट येत असतील तर ६ व्होल्टला सव्वा वॅट येतील, करंटही निम्मा होईल आणि कार्यक्षमता जवळजवळ तीच राहील. २४ व्होल्ट लावू नका. क्लास ई मध्ये ड्रेनवरचं शिखर सप्लायच्या साडेतीन पटींहून वर जातं, म्हणजे २४ ला ८५ व्होल्ट. आयआरएफ ५१० ची मर्यादा १०० आहे आणि अँटेना बिघडली की उरलेले पंधरा कुठेच पुरत नाहीत. आउटपुटला लो-पास फिल्टर घातल्याशिवाय अँटेना जोडू नका. ७ चा दुसरा हार्मोनिक १४ मेगाहर्ट्झवर पडतो, आणि तिथे लांबवरची मंडळी बारीक सिग्नल ऐकत बसलेली असतात.